बंदूक, गळ आणि पोचमपाडचं पाणी

उमरीचं नाव काढलं की जुन्या माणसांना दोन गोष्टी आठवतात. एक कापूस आणि दुसरी बँक. हैदराबाद मुक्तिसंग्रामात, १९४८ साली, सैनिकांनी इथली बँक लुटली आणि तो पैसा लढ्याला लावला, ही हकिकत आमच्या गावात लहान पोरालाही पाठ असते. मला मात्र उमरी म्हटलं की रविवारची पहाटेची पॅसेंजर आठवते. मीटरगेजची. दाराजवळ उकिडवे बसलेले बाबा, त्यांच्या मांडीला टेकवलेली, पोत्यात गुंडाळलेली ठासणीची बंदूक, आणि खिडकीशी आई. आईच्या डोक्यावरच्या फळीवर वेळूच्या दोन काठ्या, आणि माझ्या मांडीवर गांडुळांचा डबा. डब्याच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडायचं काम माझंच होतं. एकदा भोकं जरा मोठी पडली आणि बासरला सरस्वतीच्या दर्शनाला निघालेल्या एका सोवळ्यातल्या आजींच्या पिशवीपर्यंत एक गांडूळ पोचलं. करखेली ते धर्माबाद त्या आजी उभ्या होत्या आणि आई मान खाली घालून हसत होती. ही गोष्ट घरात कितीतरी वर्षं चालली.

बाबा एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर होते. दसऱ्यापासून कापसाच्या गाड्या लागत आणि शिमग्यापर्यंत त्यांना रविवारखेरीज सुट्टी नसे. नेमका तोच काळ पाण्यावर पाखरं उतरायचा. त्यामुळे जिनिंगचा हंगाम आणि शिकारीचा हंगाम एकच, आणि दोन्हींच्या मधे सापडलेला एक रविवार. तो रविवार बाबांनी देवळात, पारावर किंवा पत्त्यांत घालवला नाही. तो त्यांनी आईबरोबर पाण्यावर घालवला. आज याचं कुणाला काही वाटणार नाही, पण १९८० च्या सुमारास उमरीसारख्या गावात नवरा-बायको जोडीने शिकारीला जातात, तेही पोरीला घेऊन, हे बघायला लोक स्टेशनच्या वाटेवर दारात येऊन उभे राहत. ‘निघाली बघा राजाराणी,’ असं कुणीतरी म्हणे. बाबा त्याला हात करत. आई पदर सारखा करून चालत राही.

आम्ही जायचो ते आईच्या माहेरी. आताच्या धर्माबाद तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. आईचं लग्न झालं तेव्हा तिथे नदी होती. मी शाळेत जायला लागले तोवर तिथे समुद्र झाला होता. ‘समुद्र’ हा आईचाच शब्द. तिने खरा समुद्र पुढे पुष्कळ वर्षांनी पाहिला आणि म्हणाली, ‘असाच की, फक्त खारट.’

हा समुद्र म्हणजे पोचमपाडचं पाणी. श्रीरामसागर हे त्याचं कागदावरचं नाव. आमच्याकडे कुणी ते घेत नाही. पंडित नेहरूंनी १९६३ साली या धरणाची कोनशिला बसवली. भिंत तिकडे खाली, आता तेलंगणात असलेल्या निजामाबाद भागात, बेचाळीस दरवाज्यांची. साठवण मुळात ११२ टीएमसी धरलेली. गाळ भरत भरत ती पुढे ८०-९० च्या घरात आली. एवढं पाणी अडलं की ते मागे सरकतं. बासरच्या रेल्वेपुलाखालून, कंदकुर्तीला गोदा-मांजरा मिळतात तो संगम गिळून, ते वर नांदेड जिल्ह्यात शिरतं. १९७५ साली दोन राज्यांत करार झाला. पैठणच्या खाली महाराष्ट्राने किती पाणी वापरायचं त्याचा आकडा, साठ टीएमसी, त्यात ठरला. पाण्याची वाटणी सरकारांनी केली, पण फुगवट्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाला आकडा दिसत नाही. त्याला दिसतं ते बांधावरचं बाभळीचं झाड, आणि यंदा पाणी त्याच्या बुंध्याला लागलं की खांद्याला, एवढंच.

आजोबांचं गावठाण वाचलं. गेली ती मळी. नदीकाठची, दरवर्षी पुराने नवा गाळ आणून टाकलेली काळीभोर जमीन, जिच्यात खत घालावं लागत नसे. त्या मळीत आजोबांची एक बांधीव विहीर होती. आईने मोटेच्या वेळी बैल हाकले होते, थारोळ्यात धुणं धुतलं होतं, आणि नांदायला आली तेव्हा त्याच विहिरीच्या पाण्याने तिची ओटी-न्हाणी झाली होती. मोबदला मिळाला तो मामांनी घर बांधण्यात घातला. आजोबा पुढे फार जगले नाहीत. ते पाण्यामुळे गेले असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. त्यांना दम्याचा त्रास होता.

आईला मासे मारणं माहेरून आलं होतं. नदीकाठच्या पोरींना पोहणं येतं तसं. सासरी सहा-सात वर्षं तिने गळ हातात घेतला नाही. उमरीत पाणीच नव्हतं. मग पोचमपाडचं पाणी चढलं, माहेरच्या शेतावर आलं, आणि एका दिवाळीला ती परड्यातून वेळू तोडून आपल्याच बुडालेल्या शेताच्या काठावर जाऊन बसली. बाबा बंदूक घेऊन आले होते, त्यांना कुणाचीतरी सोबत हवीच होती. अशी ती जोडी जमली.

बंदुकीबद्दल आधी सांगते, कारण घरी येणाऱ्या प्रत्येकाला बंदुकीच्याच गोष्टी ऐकायच्या असत. ती आजोबांची, म्हणजे बाबांच्या वडिलांची. परवाना पिकाच्या राखणीचा, रानडुकरं हुसकायला. त्या परवान्यावर पाखरं मारता येत नव्हती. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला होता. लहान शिकारीचे वेगळे परवाने तेव्हा मिळू शकत, बाबांकडे तसला परवाना कधीच नव्हता. हे लिहिताना मला आज संकोच वाटतो. तेव्हा आमच्यापैकी कुणालाच वाटला नव्हता, हेही खरं. पाणी नवं, पाखरं अमाप, आणि फौजदार धर्माबादला.

हिवाळ्यात त्या पाण्यावर पहाटे जे दिसे ते मी पुन्हा पाहिलं नाही. अंधार विरायच्या आधी नुसता आवाज. हजारो बदकं एकदम बोलत असली की गावजेवणाच्या पंगतीसारखा गलका होतो. मग उजेड होई आणि थवे सुटे होत. थापट्या, तलवार बदकं, चक्रांग, आणि काठाकाठाने काळे वारकरी. चक्रवाकाच्या भगव्या जोड्या जरा बाजूला, गाळावर. बाबा चक्रवाकाला मारत नसत. त्यात दया नव्हती. त्याच्या मांसाला वशट वास येतो म्हणून. कधीकधी पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले मोठे हंस उतरत. हिमालय ओलांडून ते येतात हे मला फार नंतर, कॉलेजात कळलं. ठासणीच्या बंदुकीचा पल्ला तो काय. दारू ठासा, छर्रे ठासा, बोंदरी कोंबा, तोवर थवा तेलंगणात. पंधरा रविवारांत चार वेळा बदक मिळे. पण मिळालं की ते स्टेशनपासून घरापर्यंत हातात उलटं लोंबत येई आणि सगळी आळी बघे.

आईचे मासे पिशवीत असत. ते कुणी बघत नसे. घर मात्र त्या माशांवर चाले, निदान सोमवार-मंगळवार तरी. मरळ असली तर तिचा चिंच घालून रस्सा, वर येसर, आणि ज्वारीची भाकरी. शिंगाळा असला तर त्याचं डोकं बाबांना. बारीक खवल्या असल्या तर त्या तव्यावर मीठ-मिरची लावून करपवायच्या आणि काट्यासकट खायच्या. झिंगे मिळाले की आई ते वाळवून ठेवी. श्रावण सरल्यावर ते वांग्यात पडत.

तिची पद्धत सांगते. वेळू फार लांब नको, साडेपाच-सहा हात पुरे. त्याला तंगूस, तंगुसाला ज्वारीच्या धाटाचं भेंड तरंगायला, खाली शिशाची चिमटी आणि गळ. भेंड कुठे बांधायचं त्यावर सगळं असतं, म्हणजे गळ किती खोल राहील त्यावर. मृगळ तळाशी चरतात, त्यांना पिठाची गोळी. पीठ मळताना त्यात किंचित गूळ. वाम संध्याकाळी, दगडांच्या फटींजवळ, गांडुळाला. मरळ मात्र भेकाच्या पिलाला किंवा झिंग्याला. ‘मरळीला मेलेलं चालत नाही, ती राणी हाय,’ असं आई म्हणे. आता तेलंगणाने त्याच मरळीला राज्याचा मासा केलंय, कोर्रमीनू या तिच्या तेलुगू नावाने. आईला हे सांगितलं तेव्हा तिला त्यात नवल वाटलं नाही.

मरळीच्या बाबतीत तिचा एक नियम होता. पावसाच्या सुरुवातीला गवताळ कडेला पाण्याच्या वरच्या थरात लालसर पिलांचा घोळका दिसतो. हाताच्या पंज्याएवढा, उकळल्यासारखा खालवर होणारा. त्याच्या खाली त्यांचे आई-बाप असतात. मरळ पिलांना सोडून जात नाही. घोळक्याच्या जवळ काहीही आलं की अंगावर येते. त्यामुळे तेव्हा तिला धरणं सर्वांत सोपं. घोळक्यात गळ सोडायचा, ती भुकेने नाही तर रागाने तोंड मारते. गावातले बरेचजण तसंच करत. आई करत नसे, आणि मला ते दाखवून झाल्यावर ती तिथून उठून दुसरीकडे जाऊन बसे. कारण सांगत नसे. एकदा मामांनीच विचारलं, तर म्हणाली, ‘एकीच्या पोटी दोनशे मरतेत. मंग पुढच्या साली तू काय खातूस?’

बाबांना हे बसून राहणं जमत नसे. तास-दोन तास भेंडाकडे बघत बसणं म्हणजे त्यांना शिक्षा वाटे. ते काठाकाठाने लांब जात आणि बराच वेळाने एक बार ऐकू येई. बार झाला की आईच्या भोवतीचे मासे तळाशी जात. ती कपाळाला हात लावी आणि पानाची चंची काढी. त्यांच्या संसारातली भांडणं मी जी ऐकली त्यातली निम्मी याच विषयावर होती.

आता त्या दिवसाचं सांगायला हवं. १९८३ चा फेब्रुवारी. मी चौथीत. पाणी उतरायला लागलं होतं. धरणाचं पाणी उतरतं तेव्हा काठ मागे जातो आणि मधे गाळाचा एक पट्टा उघडा पडतो. वरून वाळून भेगाळलेला, आत दह्यासारखा. उंचवट्यावरच्या वाळलेल्या गाळात लोक गाळपेर करतात. तेलुगू बोलणारी माणसं टरबुजाच्या वाड्या लावत, राखणीला खोपट घालून पोराबाळांसकट तिथेच राहत. त्या दिवशी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर अशी एक वाडी होती.

बाबांनी बार काढला आणि यावेळी बदक पडलं. जवळच पडलं, पाणी आणि गाळ यांच्या सीमेवर, पंख हलवत होतं. बाबांनी बंदूक खाली ठेवली, धोतर वर खोचलं आणि गाळात उतरले. आई माझ्या शेजारी बसली होती. तिने मान वर करून बघितलं आणि हातातली काठी टाकली.

‘तिकडं जाऊ नका! तिकडं आमची हीर हाय!’

बाबांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यांनी मागे वळून हात हलवला आणि आणखी चार पावलं टाकली. त्यांना गाळच दिसत होता, सपाट, चकाकणारा. आईला तिथे विहीर दिसत होती. बांध गेले होते, झाडं गेली होती, थारोळं गेलं होतं, पण दूरच्या टेकडीवरचं देऊळ आणि गावातल्या मारुतीचं शिखर यांच्या ओळीत कुठे काय होतं ते तिच्या डोक्यात जसंच्या तसं होतं. विहीर गाळाने भरली होती. भोवतीच्या जमिनीवर गाळ गुडघाभर असेल, तर विहिरीत तो पुरुषभर, कितीतरी पुरुष, आणि कधी घट्ट न झालेला.

बदक उचलायला बाबा वाकले आणि कमरेपर्यंत गेले. मग हळूहळू पोटापर्यंत.

मला सर्वांत आधी आठवतो तो आवाज. आईने त्यांना नावाने हाक मारली. माझ्या आयुष्यात मी तिच्या तोंडून बाबांचं नाव तेवढं एकदाच ऐकलं, उखाण्यातसुद्धा ती ‘फिटरसाहेब’ म्हणून निभावून न्यायची. नाव ऐकून बाबाही थबकले. ‘हलू नका,’ ती ओरडली, ‘पाय मारू नका, मागं रेला. भिताडाला हात लागतो का बघा.’ भिताड म्हणजे विहिरीचा काठ. तो अर्ध्या हातावर असणार हे तिला ठाऊक होतं. बाबांचा हात पोचला, पण बुळबुळीत दगडावर पकड बसेना. आईने मला टरबुजाच्या वाडीकडे पिटाळलं आणि स्वतः दोन्ही वेळू घेऊन गाळात पालथी पडून सरकत निघाली.

वाडीवरच्या माणसाला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू. मी नुसती बोट दाखवून रडत होते. त्याने बघितलं, दोर शोधायला वेळ घालवला नाही, खोपटातली बाज उचलली आणि डोक्यावर घेऊन धावत सुटला. मागून त्याची बायको. बाज त्याने गाळावर पालथी टाकली आणि ढकलत नेली. गाळावर माणूस बुडतो, बाज बुडत नाही. मला हे शहाणपण अजून आश्चर्याचं वाटतं, इतकं साधं आहे ते. तो सारखा ‘आगु, आगु’ म्हणत होता, म्हणजे थांबा. बाबांनी बाजेची गात धरली. एका बाजूने तो माणूस, दुसरीकडून आई, आणि मागून बाजेचे पाय धरून ओढणारी ती बाई. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांचं धोतर विहिरीत राहिलं होतं आणि उजव्या हातात बदक तसंच होतं. ते त्यांनी सोडलंच नव्हतं.

चौघंही बराच वेळ खोपटाशी बसले. त्या बाईने टरबूज फोडलं. कुणालाच कुणाची भाषा येत नव्हती, ते बरंच होतं.

मग आईने बदक हातात घेतलं, बहुतेक पिसं काढायला. चोच धुतली गेली होती. काळी चोच, टोकाला पिवळी आणि कपाळाकडे दोन तांबडे ठिपके. तिने विचारलं, हे कंचं पाखरू? बाबा म्हणाले, हळदीकुंकू. वारंग्याच्या पोराने मला सांगितलं होतं म्हणाले, चोचीला हळद आणि कुंकू दोन्ही लावलेलं असतं म्हणून. हे बदक उडून परदेशी जात नाही, इथलंच, बारा महिने जोडीने राहतं.

आई म्हणाली, ‘नाव ठावं असून मारलाव?’

बस्स, एवढंच. पुढे ती काही बोलली नाही. बदक तिने त्या तेलुगू बाईला दिलं. परतीच्या गाडीत बाबा टॉवेल गुंडाळून बसले होते आणि डब्यातले लोक त्यांच्याकडे बघत होते.

बाबांनी त्या दिवशी बंदूक सोडली, असं मी लिहिलं तर गोष्ट छान होईल. तसं झालं नाही. पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा गेले, आणि त्याच्या पुढच्याही. फक्त बार कमी होत गेले. आईजवळ बसण्याचा वेळ वाढत गेला. कधीतरी त्यांनी लोहाराकडून न घेता जिनिंगच्या कारखान्यातल्या तारेचे गळ स्वतः घासून केले, इतके नेमके की मामा ते मागून नेत. फिटरचा हात होता तो. तिथून ते आईच्या शेजारी बसायला लागले, ते कायमचे. १९९१ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवान्याची शिकारही देशभर बंद झाली. बाबांनी बंदूक ठाण्यात जमा केली ती त्यानंतर. पावतीचा कागद ते आईच्या पानाच्या डब्यात ठेवत, कारण त्या डब्यातली वस्तू हरवत नाही यावर त्यांचा विश्वास होता.

पुढे नांदेडला मी नोकरीला लागले तेव्हा वाचनालयात सलीम अलींविषयी वाचायला मिळालं. त्यांनीही पोरवयात छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, गळ्याला पिवळा ठिपका असलेली, आणि तिचं नाव शोधायला निघाले ते आयुष्यभर शोधतच राहिले. १९३१-३२ मध्ये त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात. त्या मुक्कामांवर त्यांच्याबरोबर त्यांची पत्नी तहमीना असत. तंबू, बैलगाडी, बंदूक, आणि मारलेल्या पाखरांची कातडी पेंढा भरून, चिठ्ठी लावून ठेवणं. त्या काळी पक्षिशास्त्र असंच चाले. तहमीना १९३९ साली गेल्या. मी हे बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘त्या बाईनं त्याला कधी अडवलं का?’ पुस्तकात तसं काही नव्हतं. आई आतून म्हणाली, ‘ते नाव इचारायला मारत हुते.’

बाबा २००९ साली गेले. त्यांच्या दिवसांत पाणी खूप होतं की कमी, ते मला आठवत नाही, आईला आठवतं.

त्यानंतर आमच्या त्या पाण्यावर फार गोष्टी झाल्या. बाभळीचा बंधारा बांधला गेला तो पोचमपाडच्या फुगवट्याच्याच टप्प्यात, म्हणून आंध्रने हरकत घेतली. २०१० च्या जुलैत चंद्राबाबू नायडू आमदारांना घेऊन बंधारा बघायला निघाले आणि धर्माबादला त्यांना अडवून ठेवलं, तेव्हा आमच्या मामांच्या गावाचं नाव पहिल्यांदा टीव्हीवर आलं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवायचे, नदीला नैसर्गिक वाहू द्यायचं. मग दरवाजे खाली, २.७४ टीएमसी पाणी अडवायचं. आणि १ मार्चला ०.६ टीएमसी खाली तेलंगणाला सोडायचं. मामांचा मुलगा हे सगळं तारखांसकट सांगतो. आई त्याला म्हणते, ‘म्हणजे आता गोदावरीला बी रजा आन हजेरी हाय.’

मासे बदलले. पूर्वी गळाला दहा वेळा वेगवेगळं काही लागे. आता आठ वेळा चिलापी. भोई लोकांची जोडपी अजून पाण्यावर दिसतात, थर्माकोलच्या चप्पूवर. बाई वल्हं मारते आणि नवरा तंगुसाचं जाळं सोडत जातो. तोंडाने एक शब्द न बोलता तो वळायच्या आधी ती चप्पू वळवते. जाळ्यांचे डोळे मात्र बारीक झाले आहेत, बोटुकलीही सुटत नाही इतके. आई ते जाळं हातात धरून बघते, त्यातून आपली करंगळी जाते का ते बघते, आणि काही न बोलता परत देते. पाखरंही पूर्वीइतकी नाहीत. हळदीकुंकू दिसतात. माझा मुलगा कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे असतो आणि आजोबांइतकाच वेळ काठाकाठाने लांब जातो.

यंदाच्या मार्चमध्ये आम्ही गेलो होतो. आता मोटारीने जातो, उमरीहून निघालो की गप्पा संपायच्या आत पोचतो. गाडी ब्रॉडगेजची झाली तरी आईला अजून रेल्वेनेच जावंसं वाटतं. पाणी उतरलं होतं. आईचं वय आता पंच्याहत्तरीच्या पुढे, गुडघे वाकत नाहीत, म्हणून घडीची खुर्ची नेली होती. तिने खुर्ची कुठे मांडायची ते सांगितलं. देऊळ, मारुतीचं शिखर, दोघांची ओळ जुळवली, मला दोन पावलं डावीकडे सरकवलं.

‘हां. हितून फेक. हिरीवर खोली असतीय, मासा थंडाव्याला येतोय.’

मी गळ टाकला. भेंड आता धाटाचं नसतं, प्लास्टिकचं, लाल-पांढरं. ते सरळ उभं राहिलं. माझ्या मुलाने विचारलं, आजी, तिथे खाली खरंच विहीर आहे का? ती म्हणाली, हाय की, सोळा पायऱ्यांची, तुझ्या आजाचं धोतर हाय तिच्यात. तो हसला, त्याला ती थट्टा वाटली.

भेंड हललं, बुडालं, वर आलं. मी काठी उचलली. गळ रिकामा होता.

‘चिलापी,’ आई म्हणाली. ‘चोरटी जात. लाव दुसरं.’

मी डब्यात हात घातला.